आवाज कोठें अडला?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेच्या नववीच्या वर्गास मराठीचें एक घरकाम दिलें होतें. घरांतील सर्वांत वडील माणसाजवळ बसावें, त्याच्या तोंडून एखादें गाणें, कहाणी अथवा जुनी आठवण ऐकावी, आणि ज्यांच्या घरीं संगणक असेल त्यांनीं ती त्यावर मुद्रित करून आणावी, एवढेंच तें काम. निबंधापेक्षां हें सोपें, अशी मुलांची समजूत झाली. खरें सांगावयाचें तर आमचीहि झाली. शाळा उघडल्यावर पेनड्राइव्ह गोळा केले. कित्येकांत आवाज स्वच्छ होता, कांहींत नुसती घरघर होती, आणि कांहींत कांहींच नव्हतें. पडद्यावर आवाजाच्या ज्या लाटा दिसावयाच्या, त्यांच्या जागीं पट्टीनें आंखल्यासारखी एक सरळ रेघ!

रिसोड तालुक्यांतील एका खेड्यांतून येणाऱ्या मुलीनें तर पेनड्राइव्हहि आणिला नाहीं. तिची आजी जात्यावरच्या ओव्या गाते. मुलीनें घरच्या डेस्कटॉपवर 'ऑडॅसिटी' हें सॉफ्टवेअर घातलें, भावाच्या मोबाइलचा इयरफोन त्यास जोडला, इयरफोनची तार आंखूड म्हणून जातेंच ओढून टेबलाखालीं आणिलें, आणि आजीस गावयास बसविलें. आजी अर्धा तास दळीत व गात होती. मागाहून सर्वजण ऐकूं गेले तों शांतता. दुसऱ्या दिवशीं वडिलांनीं संगणक मोटारसायकलला बांधून तालुक्याच्या गांवीं दुरुस्तीच्या दुकानांत नेला. दुकानदारानें विचारिलें, "डेटा ठेवायचा कां?" वडिलांच्या लेखीं डेटा म्हणजे मोबाइलच्या रिचार्जमध्यें रोज मिळतो तो, त्यांनीं "नको" म्हणून सांगितलें. दोन दिवसांनीं संगणक परत आला तो नव्या कोऱ्या विंडोजसह. माइक पूर्वींइतकाच मुका होता. मात्र त्याच संगणकांत तीन वर्षांपूर्वींचें एक ध्वनिमुद्रण होतें. त्यांत आजोबा पेरणीच्या दिवसांतील कसलीशी गोष्ट सांगत होते. तें पुसलें गेलें. आजोबा आतां हयात नाहींत.

आजीस पुन्हां गावयास सांगतां येईल. आजोबांस पुन्हां बोलावयास सांगतां येणार नाहीं. या एका गोष्टीमुळें, एरवीं विज्ञानाच्या सदरांत घालावयाचा विषय आम्हीं या मराठी विभागांत घेतला आहे. आमचें म्हणणें असें कीं, संगणकावरील आवाज बंद पडला असतां तो कोठें अडला हें आधीं शोधावें व मग हात लावावा. या शोधास विशेष विद्वत्ता लागत नाहीं, क्रम लागतो. आणि तो क्रम मुलांस शिकविणें हें शाळेचें काम आहे, दुकानाचें नव्हे.

'फॉर्मॅट मारणें' हा शब्दप्रयोग आपल्या भागांत पाटी पुसण्याइतका सहज झाला आहे. संगणक हळू चालतो, फॉर्मॅट मारा. छपाई होत नाहीं, फॉर्मॅट मारा. आवाज येत नाहीं, फॉर्मॅट मारा. पूर्वीं पोरांच्या सर्व दुखण्यांवर एरंडेल देत, तसेंच हें. या क्रियेंत डिस्कवरील जुनें पुसून विंडोज नव्यानें बसविली जाते. ज्या बिघाडाचें मूळ विंडोजमध्यें असेल, म्हणजे ड्रायव्हर बिघडला असेल, व्हायरस शिरला असेल, तो यानें जातो हें खरें. परंतु तुटलेली तार किंवा न जुळणारी पिन फॉर्मॅटनें दुरुस्त होत नाहीं. उलट, संगणकाच्या कंपनीनें दिलेला ध्वनीचा ड्रायव्हर जाऊन त्या जागीं सर्वसाधारण ड्रायव्हर येतो, व पूर्वीं चालत होतें तेंहि कधीं कधीं बंद पडतें. दुकानदारास दोष देऊन आम्ही मोकळे होऊं इच्छीत नाहीं. त्याच्यापुढें पांच संगणक उघडे पडलेले असतात, गिऱ्हाइकास शेवटची एस. टी. गांठावयाची असते, फॉर्मॅटला किती वेळ लागेल हें त्यास ठाऊक असतें, शोधास किती लागेल हें ठाऊक नसतें. शोधाचे पैसे देण्यास आपण तयार नसतों, फॉर्मॅटचे देतों. मग त्यानें तरी काय करावें?

शेतांतील शेवटच्या वाफ्यांत पाणी पोहोंचलें नाहीं, तर आपल्याकडील शेतकरी विहीर बुजवून नवी खणीत नाहीं. तो पाटाच्या कडेनें चालूं लागतो. शहाणा असेल तर प्रथम मध्यावर जाऊन पाहातो : येथवर पाणी आहे ना? असेल तर पाट खालच्या अंगास फुटला आहे, नसेल तर वरच्या. एका पाहण्यांत अर्धा पाट निर्दोष ठरला. आवाजाचाहि असाच एक पाट आहे. तोंडांतून निघालेला आवाज माइकच्या पडद्यास हालवितो. त्या हालण्याची वीज होते. ती तारेनें पिनेंत व पिनेंतून संगणकाच्या खांचेंत जाते. तेथील ध्वनीची चिप त्या विजेची मोजणी करून तिचे आंकडे करिते. ते आंकडे ड्रायव्हर विंडोजच्या हातीं देतो, विंडोज सॉफ्टवेअरच्या हातीं देते, आणि सॉफ्टवेअर ते डिस्कवर लिहितें. या पाटाचा मध्य म्हणजे विंडोजच्या सेटिंगमधील 'साउंड' हें पान. तेथें 'इनपुट' या सदराखालीं माइकची एक पट्टी असते. माइकपुढें बोलावें. पट्टी हालली तर पिन, तार, खांच व ड्रायव्हर ठीक आहेत, आणि दोष सॉफ्टवेअरकडे शोधावा. न हालली तर सॉफ्टवेअरला हात लावूं नये. ही एका मिनिटाची परीक्षा त्या घरांत कोणास ठाऊक असती, तर संगणक मोटारसायकलवर चढला नसता.

तो संगणक आम्हीं शाळेंत मागवून घेतला व हीच परीक्षा केली. पट्टी हालली नाहीं; म्हणजे दोष वरच्या अंगास. शाळेचा माइक त्यास लाविला, पट्टी नाचूं लागली. म्हणजे खांच व ड्रायव्हर चांगले. तोच इयरफोन मोबाइलला लाविला, तेथें तो उत्तम चालला. म्हणजे तारहि चांगली. उरली ती पिन. मोबाइलच्या इयरफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, व त्यांमुळें तिचे चार भाग पडतात : डावा कान, उजवा कान, माइक, आणि परतीची वाट. जुन्या डेस्कटॉपला मात्र दोन निराळ्या खांचा असतात, ऐकण्याची हिरवी व बोलण्याची गुलाबी. आणि त्या दोन्ही तीन भागांच्या पिनेसाठीं केलेल्या असतात. चार भागांची पिन त्यांत बसते सुरेख, 'टक्' असा आवाजहि होतो, परंतु माइकच्या भागाचा जेथें स्पर्श व्हावयाचा तेथें होत नाहीं. बसली म्हणजे जुळली असें आपण समजतों, आणि येथेंच फसतों. एका पिनेच्या दोन पिना करून देणारी लहानशी तार बाजारांत मिळते. ती लावितांच तोच इयरफोन व तोच संगणक बोलूं लागला.

सरळ रेघा घेऊन आलेल्या बाकीच्या मुलांच्या घरीं पट्टी हालत होती. त्यांचा दोष खालच्या अंगाचा. ऑडॅसिटी हें सॉफ्टवेअर अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनीं आरंभिलें, व २००० सालीं तें प्रथम प्रसिद्ध झालें. तें अद्यापि फुकट मिळतें, सबब कोणाकडून 'क्रॅक' केलेलें दुसरें सॉफ्टवेअर आणण्याचें पाप करण्याचें कारण नाहीं. त्याची एक खोड अशी कीं, तें उघडतांना जे माइक जोडलेले असतील तेवढेच त्यास दिसतात. माइक मागाहून लाविला तर त्यास त्याचा पत्ता नसतो; 'रीस्कॅन ऑडिओ डिव्हायसेस' ही आज्ञा द्यावी, किंवा सॉफ्टवेअर बंद करून पुन्हां उघडावें. एका मुलाच्या घरीं एवढेंच घडलें होतें. दुसऱ्याच्या घरीं माइकच्या जागीं 'स्टिरिओ मिक्स' निवडलेलें होतें. याचा अर्थ संगणक स्वतः जें वाजवील तेंच मुद्रित होईल, आणि तो गप्प असल्यामुळें त्याचें मौन मुद्रित झालें. तिसऱ्याचें प्रकरण अधिक सूक्ष्म होतें. माइक कोणीं वापरावा याची परवानगी विंडोजच्या 'प्रायव्हसी' या सदरांत असते, आणि डेस्कटॉपवरील सॉफ्टवेअरांसाठीं तेथें एक वेगळी कळ असते. ती बंद असतां सॉफ्टवेअर तक्रार करीत नाहीं. मुद्रणाचा कांटा पुढें सरकत राहातो व रेघ सरळ निघते. आपलें बोलणें कोणी चोरून ऐकूं नये म्हणून ही कळ केली आहे, व ती असावी हेंच योग्य. परंतु बंद असल्यास दोन शब्दांनीं तसें कळविण्यास काय हरकत होती? याबद्दल सॉफ्टवेअर लिहिणारांवर आमचा राग आहे. नापास झालेल्या मुलानें निकाल घरीं सांगूं नये, तसा हा प्रकार.

आंकड्यांचा घोटाळा एके ठिकाणीं निघाला. आवाजाची मोजणी सेकंदास किती वेळां करावयाची हें ठरवावें लागतें. संगीताच्या सीडीवर ती ४४,१०० वेळां असते, चित्रपटाच्या कामीं बहुधा ४८,००० वेळां. माणसाचा कान सेकंदास सुमारें वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो, व मोजणी त्याच्या दुपटीहून अधिक असावी लागते, म्हणून हे आंकडे. विंडोजमध्यें एक व सॉफ्टवेअरमध्यें दुसरा असला कीं, कधीं मुद्रण सुरूच होत नाहीं, आणि कधीं ४८,००० नें मोजलेलें ४४,१०० नें वाजविलें जाऊन वेग सुमारें आठ टक्क्यांनीं मंदावतो व स्वर खालीं उतरतो. आजी आजोबांसारखी बोलूं लागते. दोहोंकडे एकच आंकडा ठेवावा.

नाताळच्या गीतांच्या वेळींहि अशीच एक अडचण आली होती. गायकवृंदांतील दोन मुलींनीं घरीं एकीच्या आवाजावर दुसरीचा आवाज चढविण्याचा प्रयत्न केला, तों दुसरा आवाज प्रत्येक वेळीं मागें पडे. मुलींची तालाची समज वाईट नव्हती. आवाज आंत घेऊन पुन्हां बाहेर देण्यास संगणकास वेळ लागतो. हा वेळ सेकंदाचा दहावा भाग धरला, तरी तेवढ्यांत हवेंतला आवाज चौतीस मीटर जातो. म्हणजे पेटी मैदानाच्या त्या टोकास वाजवावी व आपण या टोकास गावें, तसें होतें. ऑडॅसिटी नवा आवाज आपण होऊन १३० सहस्रांश सेकंद मागें सरकवितें, पण प्रत्येक संगणकाचें माप निराळें. टाळी मुद्रित करून आपलें माप आपण काढावें. ब्लूटूथचा इयरफोन या कामीं मुळींच घेऊं नये. त्याचा विलंब अधिक, आणि त्याचा माइक सुरू झाला कीं सर्वच आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो.

आतां घरघर. आपली वीज सेकंदास पन्नास आवर्तनें करिते, आणि तिचा गुणगुणाट माइकच्या तारेंत शिरतो. लॅपटॉप असल्यास चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावें. घरघर थांबली तर बहुधा दोष संगणकाचा नव्हे, चार्जरचा किंवा घराच्या अर्थिंगचा. जुन्या घरांतील सॉकेटला भोकें तीन असतात, परंतु तिसऱ्यामागें तार असतेच असें नाहीं. आणि असली तरी वैशाखांत जमीन वाळली म्हणजे ती निरुपयोगी होते. उन्हाळ्यांत अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घालावें लागतें, हें शाळेंतील पुष्कळ शिक्षकांस ठाऊक नव्हतें. शिपायास ठाऊक होतें. घरघर घालविण्यासाठीं कोणी कोणी प्लगची तिसरी पिनच काढून टाकितात. तसें कोणीहि करूं नये. ती पिन जीव वांचविण्यासाठीं आहे.

याहून घातक असा आणखी एक दोष आहे, व तो दोष म्हणून दिसतच नाहीं. कित्येक पेनड्राइव्हांत आवाज स्वच्छ होता, असें वर म्हटलें आहे. त्यांतील एक इतका स्वच्छ होता कीं, आम्हीं त्या मुलास वर्गांत शाबासकी दिली. त्याच्याहि आजीच्या ओव्याच होत्या. चार दिवसांनीं पुन्हां ऐकतांना ध्यानांत आलें कीं, आजी दळीत असून जात्याचा आवाज कोठेंच नाहीं, आणि प्रत्येक ओळीचा शेवट कोणी कातरीनें कापल्यासारखा तुटला आहे. हल्लींचे संगणक आवाज आपण होऊन 'सुधारतात'. माइकच्या सेटिंगमध्यें 'ऑडिओ एन्हान्समेंट' नांवाची सोय असते, व ती पुष्कळदां आधींच सुरू असते. २०२० सालीं टाळेबंदींत घरोघरीं संगणकापुढें वर्ग भरले तेव्हां अशा सोयींनीं पंख्याचा व कूलरचा आवाज दाबून पुष्कळ उपकार केले. तिचा नियम ढोबळमानानें असा : जो आवाज एकसारखा चालतो तो गोंगाट, आणि जो क्षणोक्षणीं बदलतो तें बोलणें. आतां जात्याची घरघर एकसारखी, ती गेली. आणि ओळीच्या शेवटीं आजी जो स्वर लांबविते तोहि बराचसा एकसारखाच, सबब तोहि कुरतडला गेला. यंत्रानें नियम चोख पाळला. फक्त जातें हा गोंगाट नव्हे, हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें.

ओवीची चाल जात्याच्या फेऱ्याबरोबर चालते. खुंटा ओढतांना जेथें दम लागतो तेथें शब्द थांबतो. जातें वजा केलें तर तो थांबा कां आला हें ऐकणारास कळावयाचें नाहीं. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं महाराष्ट्रांतील खेडोपाडीं हिंडून लक्षाहून अधिक ओव्या गोळा केल्या, व २०१७ सालापासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' त्या प्रसिद्ध करीत आहे. हें केवढें काम! तथापि त्यांतील बहुतेक ओव्या कागदावर आहेत. प्रत्यक्ष आवाज त्या मानानें थोड्यांचाच आहे. आपल्या वऱ्हाडी बोलीचीहि कथा अशीच. ग्रिअर्सन साहेबांच्या भाषापाहणीचा मराठीचा सातवा खंड १९०५ सालीं निघाला, त्यांत वऱ्हाडीचे नमुने छापिले आहेत. त्या पाहणींत ठिकठिकाणच्या बोलींचा नमुना म्हणून जी गोष्ट सांगवून घेतली ती आमच्या विद्यार्थ्यांच्या पूर्ण परिचयाची आहे : उधळ्या पुत्राचा दाखला. त्याच कार्याच्या निमित्तानें १९१३ ते १९२९ या काळांत अनेक भाषांच्या ग्रामोफोन तबकड्याहि झाल्या, कारण छापील अक्षर पुरें पडत नाहीं हें त्या काळींहि कळलें होतें. डोळ्यास 'डोया', फळास 'फय', मला याबद्दल 'मले', हें सर्व आपण लिहून दाखवूं शकतों. पण रिसोडची आजी 'मले' म्हणतांना शेवटचा स्वर किती ओढते व कारंज्याची किती, हें कागदास कसें कळावें? पोहरादेवीच्या वाटेवरील तांड्यांतून आमच्याकडे येणाऱ्या मुलांची गोष्ट तर आणखी निराळी. बोलण्यासाठीं तयार केलेली ही सोय त्यांच्या नगाऱ्याच्या ठोक्यालाहि व्यत्यय समजून दाबते. नगाऱ्याविना बंजारा गीत मुद्रित करणें म्हणजे काय, तें त्या मुलांनाच विचारावें.

म्हणून मुद्रणापूर्वीं ही 'सुधारणा' बंद करावी, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. जो आवाज आला तो घरघरीसह, कोंबड्यासह, शेजाऱ्याच्या पंपासह येऊं द्यावा. मागाहून साफ करावयाचा असल्यास मुळाची नक्कल करून नकलेवर प्रयोग करावे. ऑडॅसिटींतहि गोंगाट कमी करण्याची सोय आहे; ती हात राखून वापरली तर ठीक, अधिक वापरली तर माणूस पाण्याखालून बोलतो आहे असें वाटतें. आलेलें नको असेल तर काढतां येतें. मुद्रणांत आलेंच नाहीं तें कोठून आणावें?

आणि मूळ जपावें कसें? ऑडॅसिटीच्या जुन्या आवृत्तींत कामाची एक लहान फाइल व तिच्याशेजारीं खऱ्या आवाजाचें एक फोल्डर असे. मुलें लहान फाइल तेवढी पेनड्राइव्हवर घेत व शाळेंत येऊन रिकामी पेटी उघडीत. २०२१ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून दोन्ही एकत्र झालीं, तरी ती फाइल त्याच सॉफ्टवेअरमध्यें उघडते. म्हणून काम संपतांच 'एक्स्पोर्ट' करून साधी 'वेव्ह' फाइल काढावी, जी कोठेंहि वाजते. सीडीच्या मोजणीनें एका माइकच्या मुद्रणास मिनिटास सुमारें पांच मेगाबाइट लागतात. म्हणजे सोळा गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर सुमारें पन्नास तास मावतात. अशा दोन पेनड्राइव्हांवर नक्कल ठेवून एक मामाच्या घरीं द्यावा. मग संगणकास कोणीं कितीदां फॉर्मॅट मारिलें तरी बिघडत नाहीं.

यावर एक आक्षेप निघेल, व तो खरा आहे. हल्लीं मोबाइल घरोघरीं आहेत. त्यांतील साध्या रेकॉर्डरनें मुद्रण करावें, डेस्कटॉपचा एवढा खटाटोप कशास? आम्हीहि पुढील वर्षीं मुलांस सांगणार आहों कीं, घरीं चांगला माइक नसेल तर मोबाइलनेंच मुद्रण करा. स्वस्त इयरफोन व जुन्या डेस्कटॉपच्या जोडीपेक्षां तो पुष्कळदां बरा निघतो. परंतु मोबाइल हरवतो, पाण्यांत पडतो, बदलला जातो. आणि कांट-छाट, जतन व नांवनिशी संगणकावरच नीट होते. शिवाय मोबाइलवरहि 'सुधारणा' करणारीं ॲप्स आहेतच. साधन बदललें म्हणून पाटाच्या कडेनें चालणें टळत नाहीं.

आमच्या संगणकाच्या तासांत मुलें सादरीकरणें करितात, तक्ते भरतात, त्यांवर परीक्षाहि होते. बिघडलेलें यंत्र मात्र मुलांच्या हातीं कधीं दिलें जात नाहीं. तें कुलुपांत जातें. आमची सूचना अशी कीं, एक जुना डेस्कटॉप मुद्दाम बिघडविण्यासाठीं राखून ठेवावा. शिक्षकानें सकाळीं येऊन गुपचूप एक दोष करावा : कधीं पिन बदलावी, कधीं परवानगीची कळ बंद करावी, कधीं मोजणीचा आंकडा फिरवावा. मुलांनीं तो शोधावा. अट दोनच : एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि काय बदललें तें वहींत लिहावयाचें. पांच गोष्टी एकदम बदलून आवाज आला तर गुण देऊं नयेत, कारण कशानें आला हें त्या मुलास सांगतां येणार नाहीं. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, संगणक दुकानांत नेण्यापूर्वीं त्यांतील फाइली काढून घ्याव्या, आणि 'डेटा' म्हणजे काय हें घरच्या मुलीस विचारावें. तिला तें ठाऊक असतें; तिला कोणी विचारीत नाहीं.

त्या रिसोडकडील घराचें पुढें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. आजोबांची फाइल मिळते काय हें पाहाण्यासाठीं एका जाणत्या गृहस्थांकडून ती डिस्क चाळून घेतली. परंतु नवी विंडोज त्याच जागेवर बसली असल्यामुळें कांहीं हातीं आलें नाहीं. मुलीनें संक्रांतीच्या सुमारास नव्या तारेनें, 'सुधारणा' बंद करून, आजीच्या ओव्या पुन्हां मुद्रित केल्या. त्यांत जातें चांगलें ऐकूं येतें. मध्येंच एकदां म्हैस ओरडते. घरांतील सर्वांनीं बसून त्या ऐकल्या. आजीनें ती तार हातांत घेऊन उलटसुलट पाहिली व विचारिलें, "एवढ्याशा पिनेनं माहा आवाज अडवला व्हता काय माय?" मग कांहीं वेळानें म्हणाली, "आन् त्यायचा?" मुलगी आम्हांस सांगत होती कीं, तिनें संगणक बंद केला आणि दिवाबत्तीची वेळ झाली असें सांगून ती उठून गेली.